जुनं फर्निचर द्यायचंय? आधी ठिकाण ठरवा, टेम्पो नंतर

दसरा-दिवाळीची आवराआवर निघते, कुणाची बदली होते, कुणाच्या घरी लग्नाआधी नवीन फर्निचर येतं आणि जुना दिवाण, कपाट, सोफा अंगणात येऊन बसतो. मग गल्लीतल्या, नातेवाईकांच्या सगळ्या ग्रुपवर मेसेज पडतो, "जुनं फर्निचर द्यायचं आहे, गरजूंनी संपर्क करावा, उद्यापर्यंत उचलावे." फोटो नाही, माप नाही, कोणतं गाव ते पण नाही. दोन दिवस कुणी विचारत नाही, तिसऱ्या दिवशी भंगारवाला येतो आणि देणारा म्हणतो की आजकाल फुकट दिलं तरी कुणी घेईना. घेणारे बक्कळ आहेत हो, क्रम उलटा होतो म्हणून सगळं फसतं. लोक आधी टेम्पो सांगतात, मग सामान भरतात आणि मग ड्रायव्हरला विचारतात की वृद्धाश्रम कुठंय.

खालचा क्रम मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत चालतो. हातात आठ-दहा दिवस ठेवा, एका दिवसात हे होत नाही.

टप्पा १ : घरातच सामान तपासा

सामानाचे तीन भाग पाडा: जसंच्या तसं देता येईल ते, थोडी दुरुस्ती लागेल ते आणि भंगार. तिसरा भाग करायला जीवावर येतं आणि चूक तिथंच होते, कारण मोडकं सामान संस्थेला दिलं की ते फेकायचा खर्च आणि हमाली त्यांच्या माथी पडते.

खुर्चीवर घरातल्या सगळ्यात जड माणसाला बसवा आणि मागं-पुढं हलायला सांगा. करकर आवाज आला, पाय फाकले, तर ती दुरुस्तीच्या भागात. टेबलाच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर द्या. लोखंडी कॉट असेल तर पट्ट्यांचे वेल्डिंग बघा, मधली एखादी पट्टी सुटलेली असतेच.

लोखंडी कपाटाचा तळ बघायला विसरू नका. फरशी पुसताना वर्षानुवर्षं पाणी लागून खालचा पत्रा गंजतो, वरून कपाट नवंकोरं दिसतं आणि उचललं की तळ हातात येतो. हलका गंज असेल तर घासून रेडऑक्साईड मारला की काम भागतं, पण बोट आरपार जायला लागलं तर ते भंगार समजा.

लाकडाला स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या बाजूनं ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर वाळवीनं आतून खाल्लंय. खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर भुंगा आहे, आणि असलं लाकूड दुसऱ्याच्या घरात गेलं तर भुंगा त्याच्या दाराच्या चौकटीलाही लागू शकतो. प्लाय आणि पार्टिकल बोर्डचं टीव्ही युनिट, शू रॅक वगैरे खालून फुगलं असेल तर नाद सोडा. त्यात स्क्रू धरत नाही, एकदा खोललं की परत जुळत नाही.

गादीचं वेगळं बघा. कापसाची गादी पिंजून परत भरता येते, घेणारा तयार असेल तर देता येते. फोमची गादी खचली असेल, डाग पडले असतील, लहान मुलाच्या नाहीतर आजारी माणसाच्या वापरातली असेल तर देऊ नका.

> सावधान, ढेकूण: गादीची शिवण, पलंगाचे सांधे, सोफ्याच्या खालचं कापड टॉर्च लावून बघा. काळे बारीक ठिपके दिसले की थांबा. वसतिगृहात एक ढेकणाचा पलंग गेला की सगळ्या खोल्यांत पसरतो आणि त्या संस्थेला पेस्ट कंट्रोल करावं लागतं. ढेकूण आणि अंडी साधारण पन्नास अंशांच्या पुढच्या उष्णतेत मरतात, त्यामुळं लोखंडी कॉटच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायची आपल्याकडची जुनी पद्धत बरोबरच आहे. लाकडी पलंगाला आणि प्लायला मात्र ते करू नका, फुगेल. नुसतं उन्हात ठेवून भागत नाही, सांध्याच्या आत तेवढी उष्णता पोचेलच असं नाही.

आता कपाट रिकामं करा. रिकामं म्हणजे लॉकर, लॉकरच्या खालचा ड्रॉवर, त्या ड्रॉवरच्या मागची फट आणि जुन्या कपाटांत असतो तो चोरकप्पा, सगळं. खणात पसरलेला पेपर उचलून बघा. त्याच्याखाली सातबाराचा जुना उतारा, बंद पडलेली एलआयसीची पॉलिसी, मुलांच्या टीसीची झेरॉक्स असं काय काय निघतं. कपाट गेल्यावर आठवण झाली तर कुणाच्या दारात जाऊन शोधणार आणि समोरच्यालाही उगाच संशयाचं वाटतं. किल्ल्या शोधून ठेवा, दोन्ही. किल्ली नसलेलं कपाट निम्म्या कामाचं, आणि शाळेला तर बिनकिल्लीचं चालतच नाही कारण आत शाळेचं दप्तर, म्हणजे रजिस्टरं-कागदपत्रं ठेवायची असतात.

टप्पा २ : माप, फोटो, यादी

प्रत्येक वस्तूचे तीन फोटो घ्या: समोरून पूर्ण, बाजूनं आणि जिथं खराब आहे तिथला जवळून. खराबीचा फोटो आधीच पाठवला की नंतर दारात वाद होत नाहीत.

लांबी-रुंदी-उंची फुटात लिहा. लोखंडी कपाट साधारण साडेसहा फूट उंच असतं, पत्र्याच्या बुटक्या खोलीत ते दारातून आत जाईना अशी गत होते. डबल बेड तर दहा बाय दहाच्या खोलीत गेला की माणसांना झोपायला जागा आहे पण चालायला नाही. मेसेज असा टाका:

"लोखंडी कपाट, ६.५ x ३ फूट, दोन किल्ल्या आहेत, तळाला हलका गंज (फोटो बघा). लोखंडी सिंगल कॉट २, सहा फुटी. प्लास्टिक खुर्च्या ४, एकीला चीर. ठिकाण: लातूर, औसा रोड, दुसरा मजला, लिफ्ट नाही. पुढच्या रविवारपर्यंत देता येईल. गाडी आम्ही करू / तुम्ही करावी."

मजला आणि लिफ्ट लिहिणं लई गरजेचं आहे. घेणारा एकटाच बाईकवर येऊन उभा राहतो आणि कपाट तिसऱ्या मजल्यावर असतं.

✔ तपासा: यादीत "इत्यादी", "बरंच काही" असं लिहिलंय का? काढून टाका. घेणारा त्याच शब्दांवर आशा लावून येतो.

टप्पा ३ : ठिकाण शोधा, जवळून लांब

बहुतेकांच्या डोक्यात पहिलं नाव अनाथाश्रम किंवा वृद्धाश्रम येतं. माझं म्हणणं, ते शेवटी बघा. शहराजवळच्या संस्थांकडं आधीच खुर्च्या-गाद्यांचे ढीग असतात आणि त्याच वेळी तुमच्या गल्लीतल्या वॉचमनचं कुटुंब जमिनीवर झोपत असतं.

*ओळखीतली घरं.* धुणीभांडी करणाऱ्या मावशी, वॉचमन, बांधकामावरचे मजूर, दुकानातला पोरगा, संभाजीनगरकडच्या वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीत नव्यानं कामाला लागून खोली करून राहणारी पोरं. विचारताना "तुम्हाला देऊन टाकतो" असं म्हणू नका. "मावशी, कॉट निघालीय, तुमच्या किंवा ओळखीत कुणाच्या कामाची आहे का?" असं विचारा. मग नको असेल तर नको म्हणायला त्यांना जागा राहते, नाहीतर मालकिणीला नाही कसं म्हणायचं म्हणून खोलीत न मावणारा सोफा घेऊन जातात आणि तिकडं बाहेर ठेवतात.

दोन गोष्टी खुल्या मनानं सांगा. पलंग घरातल्या गेलेल्या माणसाचा असेल तर तसं सांगा, काही लोक घेत नाहीत आणि नंतर कळलं तर मनाला लावून घेतात. आणि शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत अशी बऱ्याच घरांत रीत आहे, तुम्ही माना न माना, कपाट-कॉट द्यायचा वार त्यांनाच विचारा.

ऊसतोडीला जाणारं कुटुंब असेल तर दसऱ्याच्या आसपास देण्यात अर्थ नाही, घराला पाच-सहा महिने कुलूप लागणार. गुढीपाडव्याच्या पुढं, माणसं परतली की द्या.

*विद्यार्थी.* लातूर, नांदेड, संभाजीनगरला हे सगळ्यात सोपं आणि तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा झाली की मे महिन्यात पोरं खोल्या सोडतात, जूनमध्ये नवीन येतात. खेड्यातून आलेल्या पोराला सिंगल कॉट, स्टडी टेबल, खुर्ची, पुस्तकांचा रॅक एवढंच लागतं आणि तेच विकत घ्यायला बापाला उसनवारी करावी लागते. खोलीमालकांना, मेसवाल्यांना, झेरॉक्सच्या दुकानांत सांगून ठेवा. मेस चालवणाऱ्या काकूंना कुठल्या पोराची काय अडचण आहे ते बरोबर माहीत असतं.

*गावातली अभ्यासिका आणि वाचनालय.* पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी बऱ्याच ग्रामपंचायतींनी नाहीतर तरुण मंडळांनी एखाद्या खोलीत अभ्यासिका सुरू केल्यात. टेबल-खुर्ची तिथं कधीच पुरत नाही. डायनिंग टेबलला घर मिळेना झालं असेल तर अभ्यासिकेला विचारा, सहा पोरं एका टेबलावर बसतात. सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, त्यात 'ड' वर्गातली गावची वाचनालयं सगळ्यात लहान, त्यांना तुमचं शोकेस पुस्तकांचं कपाट म्हणून चालतं.

*जिल्हा परिषद शाळा आणि अंगणवाडी.* शाळेला द्यायचं तर मुख्याध्यापकांशी बोला, ते शाळा व्यवस्थापन समितीत ठेवतील. वस्तू शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कायमच्या सामानाच्या नोंदवहीत चढते, म्हणून एखादं छोटं पत्र द्यावं लागेल: काय, किती नग, कुणाकडून. नुसतं शाळेच्या व्हरांड्यात आणून टाकू नका, नोंद नसलेली वस्तू गुरुजींनाच डोकेदुखी होते. मे महिन्यात शाळा बंद, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये नाहीतर जूनच्या मध्यावर शाळा उघडल्यावर जा. अंगणवाडीला मोठ्यांच्या टेबल-खुर्च्यांचा उपयोग कमीच, दार घट्ट लागणारं कपाट मात्र हवं असतं कारण उंदरांपासून धान्य सांभाळायचं असतं. सेविकाताईंना भेटा, त्या पर्यवेक्षिकेला विचारून सांगतील.

*संस्था.* वरचं सगळं जमलं नाही किंवा सामान जास्त आहे, तेव्हा इकडं या. बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात आर्वीचं शांतिवन, गेवराईचं बालग्राम, लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात हासेगावचं सेवालय ही मुलांसाठी काम करणारी माहितीतली ठिकाणं. नावं दिली म्हणजे टेम्पो घेऊन निघायचं नाही, फोन करून काय लागतंय ते विचारायचं. तुमच्या जवळचा वृद्धाश्रम माहीत नसेल तर ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही हेल्पलाईन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, तिथं वृद्धाश्रमांची माहिती मिळते.

*आजारपणाचं सामान.* फाउलर कॉट (दवाखान्यातला, डोकं-पाय वरखाली करता येणारा पलंग), कमोड खुर्ची, व्हीलचेअर, वॉकर हे घरगुती फर्निचरमध्ये मिसळू नका. बऱ्याच शहरांत सेवाभावी मंडळं रुग्णसाहित्य नाममात्र भाड्यानं देतात, त्यांना द्या. एकच कॉट एकामागून एक कितीतरी घरांत फिरते.

*पूरग्रस्त गावं.* सप्टेंबर २०२५ च्या पुरात धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडच्या नदीकाठच्या घरांतला संसार वाहून गेला नाहीतर चिखलात गेला. अशा वेळी पहिल्या आठवड्यात फर्निचर नेऊ नका, ठेवायला कोरडी जागाच नसते. घर धुऊन-वाळवून झालं की कॉट आणि कपाटाची गरज लागते, आणि तोवर मदतीच्या गाड्या थांबलेल्या असतात. ग्रामसेवक किंवा तिथल्या शिक्षकांमार्फत घरांची यादी घ्या.

*ऑनलाईन.* ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेसवर "फुकट" असं टाकू नका, शंभर फोन येतात आणि त्यातले निम्मे फक्त "आहे का" विचारून गायब होतात. "गरजू कुटुंबासाठी, स्वतः येऊन बघावे" असं लिहा.

> सावधान, क्यूआर कोड: "गाडीभाडं आम्ही देतो, हा कोड स्कॅन करा" असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन तर नाहीच नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

वापरलेल्या वस्तू जमा करायची महापालिकांची आरआरआर केंद्रं निघालीत, पण ती मुख्यतः कपडे, पुस्तकं, खेळणी असल्या लहान वस्तूंची. विचारल्याशिवाय कपाट घेऊन जाऊ नका.

कशाला किती मागणी तेही आधीच मनात धरा. लोखंडी कॉट, कपाट, प्लास्टिक खुर्च्या, स्टडी टेबल लगेच जातात. सोफ्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, त्यातही एल आकाराच्या सोफ्याला तर कुणीच वाली नाही, त्याच्यासाठी जास्तीचे दिवस धरा.

टप्पा ४ : फोनवर हे विचारा

संस्थेला फोन केल्यावर "आम्हाला दान करायचंय" एवढंच बोलून थांबतात आणि समोरचा माणूस सौजन्यानं "आणा की" म्हणतो. त्या "आणा की"वर गाडी भरायची नाही. विचारा:

१. या यादीतलं नेमकं काय लागतंय? (फोटो आधी व्हॉट्सअॅपवर पाठवा.)
२. किती नग? चारच हव्या असतील तर चारच द्या.
३. कुठल्या दिवशी, किती वाजता, उतरवून घ्यायला माणसं आहेत का?
४. गाडी दारापर्यंत येते का? पावसाळ्यात हे पहिलं विचारा, काळ्या मातीच्या रस्त्यात छोटा हत्ती रुतला की ट्रॅक्टर शोधत बसाल.
५. संस्था धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेली आहे का, नोंदणी क्रमांक काय? मुलांचं बालगृह असेल तर बाल न्याय कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते, ती पण विचारा. खऱ्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही.

"सामान नको, त्याऐवजी पैसेच द्या" असा लगेच आग्रह सुरू झाला तर थोडं थांबा आणि जाऊन बघून या. कधी कधी ते खरंच बरोबर असतात, त्यांना किराणाच लागत असतो, पण बघितल्याशिवाय देऊ नका.

करसवलतीचा गैरसमज पण इथंच मिटवून टाका. आयकरातली ८०जी ची सवलत पैशाच्या देणगीवर असते, वस्तूंवर नसते. जुन्या सोफ्याची किंमत लिहिलेली पावती मागून संस्थेला अडचणीत आणू नका. वाहतुकीसाठी किंवा दुरुस्तीसाठी वेगळे पैसे दिले, संस्थेकडं ८०जी असेल आणि तुम्ही ही सवलत देणारी जुनी करप्रणाली घेत असाल, तर तेवढ्याची पावती कामाला येईल, पण रक्कम २००० रुपयांच्या वर असेल तर रोखीनं नको, ऑनलाईन द्या.

टप्पा ५ : खोलणं, गाडी, चढवणं

ठिकाण आणि वेळ पक्की झाली, आता टेम्पोला फोन करा.

पलंग, टेबल खोलायच्या आधी जोडाचे फोटो काढा. नट-बोल्ट पिशवीत घालून ती पिशवी त्याच वस्तूला चिकटपट्टीनं बांधा, "खिशात ठेवले होते" म्हणून हरवलेल्या बोल्टांपायी चांगले पलंग भिंतीला टेकून उभे राहतात. गंजलेला बोल्ट निघत नसेल तर आदल्या रात्री तेल सोडा. आरसा आणि काचेचे शेल्फ काढून चादरीत गुंडाळा. कपाटाचं दार कुलूप लावून दोरीनं बांधा, हँडल धरून उचलू नका.

गावाकडं पाठवायचं असेल तर मोंढ्यात किंवा ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर परतीची गाडी विचारा. तालुक्याहून माल घेऊन शहरात आलेला पिकअप रिकामाच परत जात असतो, भाडं बरंच खाली येतं. हमाली गाडीभाड्यात धरली आहे का नाही ते आधी ठरवा, चढवणं आणि उतरवणं दोन्हीची. जिन्यावरून कपाट उतरवताना भाव वाढतो आणि तेव्हा भांडण्यात मजा नाही.

✔ निघायच्या आधी: किल्ल्या दिल्या का? नट-बोल्टची पिशवी बांधली का? ताडपत्री आहे का? घेणाऱ्याला "निघालो" म्हणून फोन केला का?

टप्पा ६ : पोचल्यावर

जोडून द्या, ढीग टाकून येऊ नका. पाना आणि स्क्रूड्रायव्हर सोबत ठेवा. संस्थेला दिलं असेल तर पोच घ्या: तारीख, वस्तू, नग, सही-शिक्का. शाळेत डेडस्टॉकला नोंद झाली का ते एकदा विचारा.

> सावधान, फोटो: बालगृहातल्या मुलांसोबत फोटो काढून स्टेटसला टाकू नका. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणं अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि मावशींच्या दारात कपाटाला हात लावून उभं राहायचं तर काहूनच? फोटो हवाच असेल तर वस्तूचा घ्या.

दिलेलं सामान पुढं त्यांनी विकलं तर चौकशी करत बसू नका. त्यांना त्या महिन्यात कॉटपेक्षा पैशाची गरज असेल.

टप्पा ७ : उरलेलं

ठरलेल्या तारखेनंतर जे राहिलं ते धरून बसू नका, गच्चीवर एक पावसाळा काढला की ते कुणालाच देता येत नाही. बरी लाकडी वस्तू सुताराला दाखवा, सागवान असेल तर तो फळ्या काढून घेतो. लोखंड भंगारवाल्याला वजनावर द्या, काटा समोर लावायला सांगा. प्लाय आणि सनमायकाचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत जाळायला कुणाला देऊ नका, त्याच्या चिकटवणीत फॉर्मल्डिहाइड नावाचं घातक रसायन असतं, तो धूर घरात बसलेल्या माणसांच्या नाकात जातो. फुटकी काच भंगारवाला बऱ्याचदा तशीच टाकून जातो, ती जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, वर मोठ्या अक्षरात "काच" लिहून घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळी द्या.